सरलामावशींचं पिंप

सालमन माशाची अंडी धुवायची असतात. फक्त ती केव्हा धुवायची, हेही ठाऊक असावं लागतं. मी ती साधारण सात मिनिटं आधी धुतली, आणि त्या सात मिनिटांत दोन हजार सातशे माशांना जन्माला येण्याच्या कटकटीतून मोकळं केलं.

झालं असं. नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. सिअ‍ॅटलच्या उत्तरेला आमचं उपनगर आहे, तिथल्या हेझल क्रीक नावाच्या ओढ्याकाठी आम्ही चार-पाच जण पावसात उभे होतो. इथला पाऊस सरकारी कामासारखा असतो. जोर काही नाही, पण संपत नाही. सरलामावशींनी एका मादीचं पोट चिरून तिची अंडी स्टीलच्या बादलीत काढली आणि बादली माझ्या हातात दिली.

"भाऊ, हे धरा. मी नर घेऊन येतो."

मावशी भंडारा जिल्ह्यातल्या. त्यांच्याकडे बायकाही 'येतो-जातो'च म्हणतात. त्या माशांच्या पिंजऱ्याकडे गेल्या आणि मी बादलीत पाहिलं. नारिंगी, टपोरे, चकचकीत दाणे. थोडं रक्त लागलेलं, थोडा चिकटपणा, मधे एक वाळकं पान. आता एक खुलासा करतो. आमच्या घरी साबुदाणा भिजवण्याचं खातं माझ्याकडे आहे. मालिनी, म्हणजे माझी बायको, उपास करते आणि मी तो साजरा करतो. पंचवीस वर्षांत हात बसलेला आहे: हलक्या हातानं दोन पाण्यांतून काढायचा, चोळायचा नाही, तिसरं पाणी निथळून टाकायचं. त्या सकाळी माझ्या डोक्यानं कसलाच विचार केला नाही, सगळा विचार हातांनी केला. शेजारी ओढ्याच्या पाण्याचा डबा भरून ठेवलेला होताच. तिसऱ्या पाण्याला बादली इतकी सुंदर दिसायला लागली की फोटो काढून मालिनीला पाठवला.

मावशी परत आल्या तेव्हा त्यांच्या काखेत चार किलोचा एक नर वळवळत होता. त्या बादलीपाशी थांबल्या.

"पाणी कोणं टाकलं?"

"मी," मी म्हणालो. आवाजात जरा अभिमानही होता. "घाण होती वर. तीन पाण्यांतून काढली."

नंतर समजलं ते असं. सालमनच्या अंड्याला सुईच्या टोकाएवढं छिद्र असतं. पाणी लागलं की मिनिट-दोन मिनिटांत ते कायमचं मिटतं. म्हणून अंडी कोरडी ठेवायची, त्यावर नराचं बीज पिळायचं, मग पाणी घालायचं, आणि त्यानंतर खुशाल धुवायची. माझ्या बादलीतली अंडी स्वच्छ होती, निरोगी होती आणि त्यांचा आता काहीही उपयोग नव्हता.

मावशी रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी तो नर पिंजऱ्यात नेऊन सोडला, परत आल्या, एक रिकामी बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसल्या. पिवळ्या रेनकोटावरून पाणी गळत होतं. वॉल्ट आला. वॉल्ट म्हणजे इथल्या, हौसेनं गळ टाकून मासे धरणाऱ्यांच्या क्लबचा अध्यक्ष, वय अठ्ठ्याहत्तर, जन्मभर बसगाड्या दुरुस्त केलेला माणूस. त्यानं बादलीत पाहिलं आणि टोपी काढली. मग पाऊस लागला म्हणून परत घातली.

"यंदा किती माद्या आल्यात?" मी विचारलं. काहीतरी विचारणं भागच होतं.

"सहा," मावशी म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "पाच."

*

सरलामावशी दिघोरे यांना आमच्या गावात दोन प्रकारचे लोक ओळखतात. मराठी मंडळातले लोक त्यांना 'अनीशची आई' म्हणून ओळखतात. पुरणपोळीच्या ऑर्डरीसाठी त्यांना विचारू नये, कारण त्या 'नाही' म्हणतात, एवढीच माहिती तिथे आहे. दुसरे म्हणजे क्लबचे म्हातारे. ते त्यांना 'सार्ला' म्हणतात आणि त्या आल्या की हातातली सिगरेट लपवतात.

पवनीजवळचं एक खेडं त्यांचं माहेर. वडील धिवर, गावतलावात मासे वाढवून विकायचे. माशांचं बारीक पिल्लू म्हणजे जिरं, जरा मोठं झालं की बीज, बोटाएवढं झालं की बोटुकली, हे सगळं त्यांना बाराखडीच्या आधी येत होतं. पुढे लग्न झालं, नवरा जिल्हा परिषदेत कारकून, तो लवकर गेला. एकुलता एक अनीश शिकला, नागपूर, मग हिंजवडी, मग इथे. नात होणार म्हणून मावशी सहा महिन्यांसाठी आल्या. ती नात, निधी, आता नऊ वर्षांची आहे.

पहिल्या हिवाळ्यात त्या बाबागाडी ढकलत ओढ्याकाठच्या पार्कात फिरायच्या. घरात मुलगा-सून आपापल्या खोल्यांत मीटिंगमध्ये, बाहेर कोणाची भाषा येत नाही. एके दिवशी पाहतात तर चार गोरे म्हातारे रबरी विजारी घालून ओढ्यात उभे, आणि एक जण बादलीतली पिल्लं ओढ्यात ओततोय, उंचावरून, चहा गार करावा तसा. मावशींनी बाबागाडीला ब्रेक लावला, चपला काढल्या, साडी खोचली, पाण्यात उतरल्या आणि त्याच्या हातातली बादली काढून घेतली. बादली पाण्यात टेकवली, तिरकी केली, आतलं आणि बाहेरचं पाणी मिसळू दिलं आणि मग पिल्लांना आपणहून जाऊ दिलं. ज्याच्या हातातून बादली गेली तो वॉल्ट होता. त्यानं विचारलं, तुम्ही कोण? मावशींकडे तेव्हा इंग्रजीचे एकूण वीसेक शब्द होते. त्यांतले तीन त्यांनी खर्च केले.

"फिश. फादर. सेम."

दुसऱ्या दिवशी वॉल्टनं त्यांच्या मापाची रबरी विजार आणली.

तेव्हापासून नऊ हिवाळे. काम ऐकायला सोपं आहे. ओढ्याच्या वरच्या अंगाला एका नळाचं तोंड पाण्यात बुडवून ठेवलंय, त्यावर जाळी. तिथून पाणी उतारानं खाली येतं आणि एका मोठ्या निळ्या पिंपात शिरतं. पिंपात एकावर एक ताटं, ताटांत अंडी. वाहतं, गार, स्वच्छ पाणी दिवसरात्र मिळालं की अंडी तगतात. जाळीवर पानं साचली, पाणी थांबलं, की काही तासांत सगळं संपतं. म्हणून नोव्हेंबर ते मार्च, रोज सकाळी, कोणीतरी जाऊन जाळी साफ करायची, पाण्याचं तापमान घ्यायचं आणि वहीत लिहून सही करायची. रोज म्हणजे ख्रिसमसलासुद्धा. नऊ वर्षं हे 'कोणीतरी' म्हणजे मावशी.

वहीत पहिली दोन वर्षं त्या देवनागरी आकडे लिहायच्या. राज्याच्या मासेखात्यातून तपासायला आलेल्या बाईंनी विचारलं, ही काय लिपी? वॉल्टनं शपथेवर सांगितलं की आकडे बरोबर आहेत, आणि ते सिद्ध करायला स्वतः शिकला. आज वॉल्टला शून्य ते नऊ देवनागरीत लिहिता येतात. आमच्या रविवारच्या मराठी शाळेतल्या मुलांबद्दल मी तसं म्हणू शकत नाही.

हे सगळं कशासाठी, तर गळ टाकण्यासाठी. क्लबात एके काळी दीडशे लोक होते म्हणतात, आता अकरा. मीटिंगची सुरुवात आधीच्या महिन्यातल्या ऑपरेशनांच्या वाचनानं होते. या अकरा जणांचं म्हणणं एवढंच, की आपण इथे सोडलेलं पिल्लू समुद्रात जावं, वाढावं, दोन-तीन वर्षांनी आपल्या ओढ्याच्या पाण्याचा वास हुंगत खाडीत परत यावं, आणि आपण काठावर खुर्ची टाकून बसलेलो असताना आपल्या गळाला लागावं. गेली दोन वर्षं मासे इतके कमी आले की खाडीतली मासेमारीच बंद ठेवली आहे. म्हणजे हे म्हातारे पावसात भिजून ज्या माशाची तयारी करतात तो त्यांना धरताही येत नाही. तरी करतात. तोंडं मात्र अशी असतात की जणू कोणी शिक्षा म्हणून उभं केलंय.

मावशींना गळाचा खेळ कधी पटला नाही. "दिवसभर बसून राहाचं अन् एक मासा. मंग त्याचा फोटो काढाचा अन् सोडून द्याचा. माझ्या बापानं असं केलं असतं तर आम्ही काय फोटो खाल्ला असता?" पण पिंपाचं काम त्यांना पटतं. जिरं जगवणं हे त्यांच्या लेखी काम आहे, बाकी सगळा टाइमपास.

आणि भावुकपणाला तर तिथे जागाच नाही. मंडळाच्या दिवाळी अंकासाठी दरवर्षी कोणीतरी सालमनवर कविता लिहितं. दूरदेशी जाऊन मायभूमीच्या ओढीनं परतणारा मासा, आणि आपण, वगैरे. मी एकदा अशी एक कविता मावशींना वाचून दाखवली. (माझीच होती.) त्यांनी शेवटपर्यंत ऐकली आणि विचारलं, "अन् परत येऊन मरते, ते नाही लिहिलं काय?"

*

यंदा मात्र दोन गोष्टी एकदम आल्या.

एक, अनीशचं ऑफिस टेक्ससला हललं. तिथल्या फ्रिस्को गावात घर घेतलं, वीस डिसेंबरची तिकिटं काढली. सून आणि निधी तर शाळेसाठी आधीच तिकडे गेल्या. मावशी गाडी चालवत नाहीत, त्यांचं इथे वेगळं घर नाही, आणि मुख्य म्हणजे नात तिकडे. त्यामुळे जायचं की नाही असा प्रश्नच निघाला नाही. "निधी तिकडं, म्हून मी तिकडं," एवढंच त्या म्हणाल्या.

दोन, मासेखात्याचं पत्र. पत्र अगदी सभ्य होतं. इतकी कमी अंडी असताना पिंप कोणाच्या भरवशावर ठेवलंय ते आम्हाला कळू द्या, असं त्यात होतं. मार्चअखेरपर्यंत रोज येणाऱ्या एका माणसाचं नाव आणि सही पंधरा डिसेंबरपर्यंत द्या, नाहीतर अंडी आम्ही पलीकडच्या खोऱ्यातल्या मोठ्या केंद्रात नेऊ. तिथे ती जगतील, यात शंका नाही. पण ज्या पाण्यात पिल्लू वाढतं त्याच पाण्याचा वास त्याला लक्षात राहतो. तिकडे वाढलेलं तिकडेच परतणार. मग तीन वर्षांनी हेझल क्रीकमध्ये सहा काय, एकही मादी येणार नाही, आणि पिंपात पावसाचं पाणी साचेल.

क्लबातून नाव देणं अवघड होतं. वॉल्टच्या खुब्याचं ऑपरेशन जानेवारीत. उरलेल्या दहांपैकी सहा जण थंडीत अ‍ॅरिझोनाला जातात आणि चौघांना डॉक्टरांनी ओलं होऊ नका म्हणून सांगितलंय. सिअ‍ॅटलजवळ राहणाऱ्या माणसाला हे सांगणारा डॉक्टर कुठला, ते मी विचारलं नाही.

मावशींनी मला मंडळाच्या ग्रुपवर आवाहन टाकायला लावलं. ग्रुपवर चारशे बारा सभासद. एकसष्ट जणांनी अंगठा दाखवला, चौदा जणांनी हात जोडले, एकानं 'सॅल्यूट मावशी' म्हणून राष्ट्रध्वज टाकला. प्रत्यक्ष तीन घरं आली. एक जोडपं आलं, फोटो काढले, रील केलं, गेलं. एक शंतनू म्हणून आला, बिचारा चांगला होता, दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी मेसेज आला, "मावशी, सॉरी यार, ऑफिसचा स्टँडअप कॉल क्लॅश होतोय." तिसरा मी.

मी का आलो, तर डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं, आणि एकट्या माणसाला निष्कारण चालवत नाही. हे कारण नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारपर्यंत पुरलं. त्यानंतर मी आलो तो शरमेनं. एखाद्याच्या घरची काचेची बरणी फोडल्यावर माणूस पुढचे काही दिवस त्या घरी जास्तच भांडी घासतो, तसा.

मावशींनी मला हाकललं नाही, पण अंड्यांच्या तीन फुटांच्या आत येऊ दिलं नाही. पहिला आठवडा मी फक्त पानं वेचली. सकाळी सहाला तिथे पोचायचं. त्या आधीच आलेल्या असायच्या. गुडघे धरून काठ उतरायच्या, एकेका पायरीला थांबायच्या. मी हात पुढे केला तर म्हणायच्या, "मला नका धरू. फावडं धरा." जाळीवरची पानं हातानं काढायची, ब्रशनं नाही. ब्रशनं पानाचे तुकडे होतात आणि तुकडे आत जातात. हे मी तीन वेळा विसरलो.

"भाऊ, तुमी तिकडं ऑफिसात काय काम करता जी?"

"क्वालिटी अ‍ॅश्युरन्स. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या."

त्यांनी जाळीवर मी सोडलेली दोन पानं काढली. "हं," म्हणाल्या.

दुसऱ्या आठवड्यात तापमान घ्यायला दिलं. तिसऱ्यात वही हातात आली. पिंपाचं झाकण अजून बंदच. अंडी घातल्यापासून जवळजवळ महिनाभर त्यांना धक्काही लागू द्यायचा नसतो, आतल्या आत काहीतरी फार नाजूक चाललेलं असतं. महिन्यानं अंड्यात दोन काळे ठिपके दिसायला लागतात, ते डोळे. डोळे आले की अंडं पक्कं झालं म्हणायचं. मग झाकण उघडायचं, पांढरी पडलेली मेलेली अंडी चिमट्यानं वेचून काढायची. नाहीतर त्यांची बुरशी शेजाऱ्यांना लागते. मावशी रोज झाकणावर हात ठेवून उभ्या राहायच्या. उघडायच्या नाहीत. मग हात काढून वहीत सही करायच्या.

अनीश त्यांना घ्यायला गाडी घेऊन यायचा. चांगला मुलगा, पण डोळ्यांखाली कायम झोप साचलेली. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, तुम्ही तरी सांगा आईला. सदुसष्ट वर्षांची आहे ती. गुडघे बघा तिचे. तिकडे खाली सेपरेट रूम केलीय तिच्यासाठी, अ‍ॅटॅच्ड बाथ. ऊन आहे यार तिकडे, ऊन!"

"मला काय सांगतोस? त्यांनाच सांग की."

"सांगितलं. कम्युनिटी पूल पण आहे म्हटलं. तर विचारते, त्यात काय सोडलंय?"

गाडीत बसता बसता मावशींनी ते ऐकलं. "मंग? एवढं पाणी भरून ठेवलं, त्यात काहीच नाही सोडलं?"

फोनवर निधी होती, स्पीकरवर. ती म्हणाली, "आजी, जस्ट ब्रिंग द फिश!"

"आणतो, आणतो," मावशी म्हणाल्या. सीटला डोकं टेकून त्यांनी डोळे मिटले.

*

तेरा डिसेंबरला दोन दिवसांचा पाऊस एकदम आला. सरकारी नव्हे, खासगी. रात्रभर छत वाजत होतं. सकाळी मी पोचलो तेव्हा ओढ्याचं पाणी चहाच्या रंगाचं झालं होतं आणि पिंपात शिरणाऱ्या नळातून, जिथे मनगटाएवढी धार असते, तिथे करंगळीएवढी गळती चालली होती.

मावशी वरच्या अंगाला मांड्यांपर्यंत पाण्यात होत्या. एका हातानं काठावरच्या झाडाचं मूळ धरलेलं, दुसरा हात पाण्याखाली.

"मावशी, बाहेर या!"

"तुमी आत या!"

माझ्या अंगावर रबरी विजार नव्हती, ती त्या दिवशी पावसामुळे आणलेल्या गाडीत होती. ती आणायला गेलो असतो तर शोभलं असतं, असं मला अजूनही वाटतं. पण गेलो नाही. पायजम्यावर, चालायच्या बुटांवर आत उतरलो. पाणी इतकं गार होतं की पहिल्या क्षणी ते गरम वाटलं. जाळीवर पानांचा बोटभर जाड थर बसला होता आणि त्या सगळ्यावर कुठून तरी वाहत आलेली एक पायपुसणी चिकटली होती. तिच्यावर 'वेलकम' लिहिलेलं. ती काढायला गेलो तर पाण्याचा जोर ती सोडेना. मावशी एका बाजूनं, मी दुसऱ्या. दोनदा मी बसलो. एकदा अख्खा. मग ती सुटली, आणि मावशींनी हातानं, ब्रशनं नाही, मूठमूठ पानं काढायला सुरुवात केली. मीही. कोणी काही बोललं नाही. बोलायला जबडा हलायला हवा.

खाली नळातून आधी खोकल्यासारखा आवाज आला, मग गढूळ पाणी, मग हळूहळू धार.

पिंपापाशी आलो तेव्हा त्यांची बोटं पांढरी पडली होती. त्यांना झाकण निघेना. "तुमी काढा," त्या म्हणाल्या. नोव्हेंबरच्या त्या शनिवारनंतर पहिल्यांदा मी तीन फुटांच्या आत आलो. झाकण काढलं. वरचं ताट त्यांनी इंचभर वर घेतलं आणि टॉर्च मारली.

प्रत्येक दाण्यात दोन काळे ठिपके होते.

मावशींनी सगळी ताटं पाहिली. मोजल्यासारखी नाही, नुसती नजर फिरवत. पांढरी पडलेली चाळीसेक असतील, त्यांतली दहा त्यांनी वेचली आणि मग चिमटा माझ्याकडे दिला, कारण गारठलेल्या बोटांत तो धरवेना. मी वेचत राहिलो. श्वास रोखून, नाक ताटात घालून. साबुदाण्यातले खडेही इतक्या निगुतीनं कधी काढले नसतील.

"पाहा," त्या म्हणाल्या, "सारे तुमच्याकडंच पाहून राहिले."

"ओळखलं असेल त्यांनी."

त्या हसल्या नाहीत. बादली पालथी घालून बसल्या. पाऊस कमी झाला होता. मी ताट परत ठेवलं, झाकण लावलं, तापमान घेतलं, वहीत लिहिलं. सहीच्या रकान्यापाशी थांबलो. त्यांच्याकडे वही नेली तर त्यांनी मानेनंच नाही म्हटलं.

"मी थकलो, भाऊ," त्या म्हणाल्या. "लोकं म्हणतात, मावशी जीव लावते. जीव लावाले काय लागते? मला सकाळी उठाचा कंटाळा येते. नऊ वर्षं रोज येतो. वाटते, आज नाही गेलं तर काय होईल? मंग उठतो."

मी म्हणालो, तिकडे गेल्यावर झोपा आठ वाजेपर्यंत.

"झोप नाही येनार," त्या म्हणाल्या. "पण पडून राहीन."

मी वहीत सही केली. त्यांच्या नऊ वर्षांतल्या हजारावर सह्यांच्या खाली माझी सही बँकेत खातं उघडायला आलेल्या माणसासारखी दिसत होती.

*

पंधरा तारखेला वॉल्ट खात्याचा फॉर्म घेऊन आला. त्याच्या पिकअपच्या बॉनेटवर आम्ही तो पसरला आणि उडू नये म्हणून वर चिमटा ठेवला. 'जबाबदार व्यक्तीचं नाव' अशी एक ओळ होती. क्लबचे अजून दोघे काठ्या टेकत आले होते. अनीश गाडीत बसून कुठल्याशा कॉलवर होता.

वॉल्टनं मावशींकडे पाहिलं. मावशींनी बोट माझ्याकडे केलं.

वॉल्टनं टोपी मागे सारली. मग शक्य तितक्या हळुवार आवाजात त्यानं विचारलं, "सार्ला, हा तो अंडी धुणारा ना?"

"येस," मावशी म्हणाल्या.

"नक्की?"

"येस, येस. राइट."

वॉल्टनं खांदे उडवले आणि पेन मला दिलं. मी नाव लिहिलं. खालच्या अटी वाचल्या. रोज, सुट्टी नाही, बदली माणूस नाही, मार्चअखेरपर्यंत. पुण्यात भाच्याचं लग्न जानेवारीत आहे, ते आठवलं. मालिनीला काय सांगायचं, ते आठवलं. सही केली. मागच्या दोघा म्हाताऱ्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. शाबासकी म्हणावी तर जरा जोरातच. वॉल्टनं फॉर्म प्लास्टिकच्या पिशवीत घातला, पिशवी कोटाच्या आत, आणि मावशींचा हात दोन्ही हातांत धरून तो बराच वेळ हलवत राहिला. मग वळून, एक पाय ओढत, गाडीत जाऊन बसला आणि काच वर केली.

मावशींनी रबरी विजार काढून घडी केली आणि पिंपाच्या फळीवर ठेवली. वर चिमटा ठेवला, वर थर्मामीटर. मग काठ चढायला लागल्या. त्या दिवशी त्यांनी माझा हात धरू दिला. त्यामुळे असेल, किंवा दोन दिवस ताप अंगात होता त्यामुळे असेल, पण माझं मन भरून आलं. चारशे बारा लोकांचं मंडळ, अकरा जणांचा क्लब, आणि या बाईनं नऊ वर्षांचं काम सोपवलं ते मला. मला, ज्यानं पहिल्याच महिन्यात एक बादली बुडवली. काहीतरी पाहिलं असणार. पाण्यात उडी घेतली ते असेल, चिमटा धरायची पद्धत असेल, कदाचित माणूस शरमेनं का होईना रोज येतो, हे असेल. गाडीच्या दारापाशी मी त्यांना थांबवलंच.

"मावशी, एक विचारू? एवढ्या सगळ्या लोकांतून तुम्ही माझंच नाव दिलंत. काय पाहिलंत माझ्यात?"

मावशींनी सीटवर बसून एकेक पाय हातानं उचलून आत घेतला, पट्टा लावला, आणि माझ्याकडे पाहिलं.

"तुमचं घर जवळ हाये."